साधी रांग

नाव काही मी त्याला विचारलं नाही बघा. आमचे हे कोल्हापुरात दवाखान्यात, अतिदक्षता विभागात होते आणि मी बाहेर बाकावर. हा माणूस चपला काढून स्टुलावर चढायचा, भिंतीवरच्या वायरींच्या डब्याला नमस्कार करायचा आणि मग कॉम्प्युटर मांडीवर घेऊन एका बोटानं टकटक करत बसायचा.

"काय करताय ओ पावणं?"

"फोन, एक्सरे, सगळं एकाच वायरीतनं जातंय, मावशी. गर्दी झाली की आधी कुणाला सोडायचं ते मी लावतो. जोतिबाला न्हाई का, व्हीआयपी रांग अन् साधी रांग?"

"मग आधी कोण?"

"मला दिलेल्या कागदावर पहिली मोठ्या साहेबांची केबिन हाय." त्यानं कागद घडी करून खिशात घातला. "मागं एका दवाखान्यात मी तसंच लावलं. तिथंच आईला ठेवलीती. सिस्टरचा आवाज फोनवर तुटत राहिला, डॉक्टर उशिरा आला. मीच लावलेल्या साध्या रांगेत माझी आई गेली, मावशी. आता सिस्टरचा फोन पहिला. नोकरी गेली तर जाऊ दे की."

तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरनं फोन केला आणि डॉक्टर पळतच आले. आमचे हे वाचले नाहीत, पण डॉक्टरची वाट बघत गेले नाहीत.

नंतर सामान न्यायला गेले, तर स्टुलावर दुसराच माणूस, हातात साहेबांचा कागद. आणि माझ्या बाकावर दुसरीच कुणी बाई.