'कावेरी' विकायचे दिवस

ज्या दुकानात माल धडाधड खपतो तिथं किस्से होत नाहीत. लोकांना वेळच नसतो. आमच्याकडं वेळ भरपूर होता, म्हणून किस्सेही भरपूर साठले. आजही आम्ही दुकानातले तिघं कुणाच्या लग्नात भेटलो की माझा नवरा मुकाट्यानं ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जातो. त्याला माहीत असतं, आता दोन तास कावेरी.

कावेरी म्हणजे गाडी, चारचाकी. नव्वदच्या दशकात वाशीला तिचं शोरूम होतं आणि मी तिथं सेल्समध्ये होते. बी.कॉम. झालेलं, नेरूळच्या घरापासून नोकरी जवळ, एवढंच बघून मी चिकटले. मॅनेजर कर्णिक साहेब. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आवाज कधी चढायचा नाही. वर्कशॉपला जगताप मामा, मूळचे साताऱ्याकडचे. कावेरीचं काय दुखतंय ते नुसत्या आवाजावरून सांगायचे, तेही रस्त्याच्या पलीकडून.

आणि कंपनी? तिला तेव्हाच धाप लागली होती. वीस वर्षं तीच गाडी, तोच साचा. एकेकाळी कावेरीसाठी लोक नंबर लावून थांबायचे. आता बाजारात छोटी, हलकी, कमी पेट्रोल पिणारी गाडी आली होती आणि लोक तिच्यासाठी नंबर लावून थांबत होते. आम्ही खुर्च्या पुसत होतो.

*

एकदा कंपनीनं नवं मॉडेल पाठवलं, 'कावेरी रॉयल'. ट्रकमधून उतरवली तेव्हा मी मामांना विचारलं, "यात नवीन काय आहे?"

मामा तिच्याभोवती एक चक्कर मारून आले. "डॅशबोर्डला लाकडाची पट्टी हाय. घड्याळ हाय. आन् मागं सोनेरी अक्षरात नाव."

किंमत मात्र साध्या कावेरीपेक्षा चाळीस हजारांनी जास्त. सोबत पत्र होतं, ग्राहकाला फरक नीट समजावून सांगा.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते मार्केटमधले कांद्याचे व्यापारी, बोराटे शेठ. मी दोन्ही गाड्या शेजारी लावल्या आणि सुरू झाले. दर्जा, प्रतिष्ठा, लक्झरी. शेठनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग दोन्ही बॉनेट उघडायला लावली, आत डोकावले, वाकून खालूनही बघितलं. उठले आणि हात झटकले.

"ताई, आमच्यात पण असंच चालतं. एकाच ढिगातला कांदा. गोणीला लाल सुतळी बांधली की एक्सपोर्ट."

मी कर्णिक साहेबांकडं बघितलं. ते मागं उभे राहून रॉयलची काच पुसायला लागले होते.

"मला सुतळी नको," शेठ म्हणाले. "नुसता कांदा द्या."

त्या दिवसापासून रॉयलला शोरूममध्ये कुणी रॉयल म्हटलं नाही. कंपनीला पाठवायच्या महिन्याच्या रिपोर्टातसुद्धा माझ्या हातून एकदा 'सुतळी – शिल्लक २' असं गेलं. वरून काही विचारणा आली नाही. बहुतेक रिपोर्ट कुणी वाचत नसावं.

*

छोट्या गाडीवाल्यांनी भाव उतरवला की आमच्या कंपनीला ताप भरायचा. लगेच फॅक्स. उद्यापासून कावेरी आठ हजारांनी कमी. आठवड्यानं आणखी सहा हजारांनी कमी.

लिमये सर म्हणून एक रिटायर्ड गणिताचे शिक्षक होते. दर बुधवारी यायचे. छत्री कोपऱ्यात ठेवायची, चहा घ्यायचा आणि विचारायचं, "आज काय भाव?"

मी आनंदानं सांगायची, "सर, आणखी कमी झाला." सरांचा चेहरा पडायचा. "बरं. पुढच्या बुधवारी येतो."

असे चार-पाच बुधवार गेले. मग बजेट आलं आणि कंपनीनं एकदम पाच हजार वाढवले. त्या बुधवारी मला सरांना तोंड दाखवायची लाज वाटत होती. चहा त्यांच्या हातात दिला आणि हळूच सांगितलं, "सर, आज वाढलाय."

सरांनी कप खाली ठेवला आणि खिशातून चेकबुक काढलं.

"अहो सर, स्वस्त होती तेव्हा का नाही घेतलीत?"

"रोज उतरणाऱ्या वस्तूला हात लावायची भीती वाटते," सर म्हणाले. "आज चढली. म्हणजे कंपनीत कुणीतरी अजून जिवंत आहे."

*

हेड ऑफिसातून एकदा एक सूटवाले साहेब आले. त्यांची आयडिया अशी की प्रतिस्पर्ध्याला घाबरायचंच नाही. छोटी गाडी भाड्यानं आणायची, ग्राहकाला दोन्ही चालवायला द्यायच्या. कावेरीची ताकद त्याला आपोआप कळेल.

ग्राहक होते सावंत. रबाळ्याला त्यांचा छोटा कारखाना होता, माणूस सरळ. बेलापूरला पारसिकच्या टेकडीवर चढायचं ठरलं. छोट्या गाडीत सावंतांचा भाऊ. कावेरीत स्वतः सावंत, शेजारी सूटवाले साहेब, मागं मी आणि मामा. मामांनी पायाशी पाण्याचा कॅन घेतला होता. मी विचारलं तर म्हणाले, "असूद्या."

अर्ध्या चढावर छोटी गाडी वळणाआड दिसेनाशी झाली. आमच्या बॉनेटमधून वाफ यायला लागली. सावंतांनी गाडी कडेला घेतली.

"काय झालं?"

"काय नाय," मामा कॅन घेऊन उतरत म्हणाले. "चढ हाय, जरा चहाला थांबलीया."

वीस मिनिटं आम्ही तिथं उभे होतो. खाली खाडी दिसत होती, वारा छान होता. सावंतांचा भाऊ वर जाऊन परत आला आणि सूटवाल्या साहेबांना उशीर होत होता म्हणून ते त्याच्याच गाडीतून खाली गेले.

आठवड्यानं त्यांच्या रिपोर्टाची कॉपी आली. त्यात एक वाक्य होतं. 'कावेरीतून जाताना ग्राहकाला परिसर निवांत पाहता येतो.'

*

डिकी मात्र आमची मोठी होती. ते कुणी नाकारायचं नाही.

सारसोळ्याचे एक नाखवा आले. मासळीच्या धंद्याला गाडी हवी होती. छोट्या गाडीची डिकी बघून ते आधीच हसून आले होते. आमची उघडून बराच वेळ बघत राहिले.

"पोरी, डिकी मोठी हाय. पन मासळीच्या पाट्या किती मावतील ते पाट्या ठेवल्याबगर कसं कलंल?"

मी म्हटलं, "मग आणा की पाट्या."

मला वाटलं, रिकाम्या आणतील. दुसऱ्या दिवशी सकाळी नाखवा टेम्पोतून तीन भरलेल्या पाट्या घेऊन हजर. रिकाम्या पाटीनं वजनाचा अंदाज येत नाही, हे त्यांचं म्हणणं. शोरूममधल्या डिस्प्लेच्या गाडीत त्यांनी पाट्या ठेवल्या. मागची बाजू दोन बोटं खाली बसली. नाखवांनी मान डोलावली आणि जागेवर बुकिंग केलं. पाट्या गेल्या. वास राहिला.

आठ दिवस आम्ही फिनेल, लिंबू, उदबत्ती, सगळं करून बघितलं. तेवढ्यात बँकेतल्या देसाई बाई गाडी बघायला आल्या. मालवणकडच्या. आत बसल्या, दार लावलं, नाक वर केलं आणि कर्णिक साहेबांकडे बघितलं.

साहेब म्हणाले, "नवीन रेक्झिन आहे ना, त्याचा वास."

"हो का," बाई म्हणाल्या. "रेक्झिन ताजं आहे हो. मोरा बंदरातलं की ससून डॉकचं?"

*

आता एक घरचा किस्सा. माझ्या वडिलांना गाडी घ्यायची होती. ते एक दिवस मला न सांगता शोरूमला आले. मी आत फाइल लावत होते, आवाज ओळखून थबकले.

ते कर्णिक साहेबांना सांगत होते, "कावेरीच घ्यायची ठरवलंय. मुलगी इथं कामाला आहे. तेवढाच एक आकडा तिच्या नावावर पडेल."

साहेबांनी विचारलं, "रोजचं जाणं किती?"

"नेरूळ ते फोर्ट."

 त्या महिन्यात आमची एकही गाडी गेली नव्हती, हे मला माहीत होतं, त्यांनाही.

"मग ही घेऊ नका," ते म्हणाले. "पेट्रोलला पुरे पडणार नाही तुम्ही. छोटी घ्या. मुलीचं काम चांगलं आहे, तिला आकड्याची गरज नाही."

त्या संध्याकाळी बाबा आईला स्वयंपाकघरात सांगत होते, "हिची नोकरी काही टिकत नाही. पण साहेब फार चांगला मिळालाय."

*

मग कोरियन गाड्या आल्या. आमच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडं, काचेचं चकचकीत शोरूम झालं. निळे टाय घातलेले चार सेल्समन, आत थंडगार एसी. त्यांच्या वर्कशॉपमधून जगताप मामांना बोलावणं आलं, पगार दीडपट. आम्हीच त्यांना ढकलून पाठवलं. कर्णिक साहेबांनी स्वतःचा पेन दिला, फॉर्म भरायला.

तासाभरात मामा परत.

"काय झालं, मामा?"

"चांगली माणसं हायती. फरशी एवढी साफ की जेवायला बसावं." मामांनी पेन साहेबांच्या टेबलावर ठेवला. "त्यांच्याकडं एक मशीन हाय. वायर जोडली की गाडीला काय झालंय ते पडद्यावर येतं."

"मग?"

"मी म्हनलं, आन् मी काय करायचं? तर म्हनले, तुम्ही पडदा वाचायचा." मामांनी ओव्हरऑल चढवला. "वाचायचंच असतं तर शाळा कशाला सोडली असती?"

*

शेवटी कारखाना बंद पडला. महिनाअखेर शोरूम बंद करायचं पत्र आलं. सगळं आवरत आणलं, एक गाडी तेवढी उरली. कॉफी रंगाची साधी कावेरी, चौदा महिने डिस्प्लेला उभी. कर्णिक साहेबांनी जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावले. सगळे गोड बोलले, कुणी घेतली नाही.

शनिवारी दुपारी समोरच्या शोरूमचे मॅनेजर रस्ता ओलांडून आले. वसंतराव. वर्षभर आम्ही नुसते एकमेकांना लांबून मान हलवत होतो. त्यांच्या हाताला धरून एक म्हातारी आजी होती, नऊवारीतली, पायात कापडी बूट.

"कर्णिक साहेब, ही माझी आई," ते अवघडून म्हणाले. "गुडघे गेलेत तिचे. आमच्या गाडीत फार खाली बसावं लागतं. सकाळी दोघांनी धरून उतरवली. जरा हिच्यात बसून बघू दे?"

मामांनी मागचं दार उघडलं. आजी वळल्या आणि पाटावर बसावं तशा सरळ बसल्या. पाय आत घेतले. पाय बाहेर काढले, उभ्या राहिल्या. परत बसल्या. कुणाचा हात धरला नाही. असं चार वेळा केलं आणि मग मोठ्यानं म्हणाल्या, "अरे वसंता, ही तुझ्या गाडीपेक्षा चांगली आहे की. तू ही का विकत नाहीस?"

"आई, हळू."

कर्णिक साहेब पुढं झाले. "आजी, ही शेवटचीच आहे. कंपनी बंद झाली. पुढं पार्ट मिळायला त्रास होईल."

"माझे तरी कुठं मिळतात?" आजी म्हणाल्या.

साहेबांनी वसंतरावांना भाव सांगितला आणि त्यातून सूटही सांगितली. त्यांनी सूट घेतली नाही. साहेबांनी आग्रह केला, तरी नाही. मामा म्हणाले, "पार्टचं बघू. माझा नंबर लिहून घ्या."

सोमवारी डिलिव्हरी. मी हार आणला, मामांनी नारळ फोडला, आजी मागं डावीकडं बसल्या. वसंतरावांनी चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. काही नाही. चौदा महिने उभी असलेली गाडी, बॅटरी ऐन वेळी बसली. मामांचा चेहरा बघवत नव्हता.

"आई, जरा उतर, ढकलावी लागेल."

"आत्ता कुठं बसलेय," आजी म्हणाल्या. "उतरणार नाही."

मग मामा स्टिअरिंगला बसले. मागं कर्णिक साहेब, पांढऱ्या शर्टात. त्यांच्या शेजारी मी, साडीचा पदर खोचून. तिसरे वसंतराव. गाडी फाटकातून रस्त्यावर आली आणि अडली. समोरच्या काचेमागं चारही सेल्समन उभे राहून बघत होते. मग दार उघडलं. चौघं रस्ता ओलांडून आले, टाय खांद्यावर टाकले आणि आमच्या शेजारी हात लावले.

गाडी हलली. आजींनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि मागं वळून आम्हाला सांगितलं, "पोरांनो, जपून ढकला. नवी गाडी आहे."