लालमतीत एकदाच मरायचं होतं

त्या रविवारी मॉरिशसमधल्या आमच्या लालमती गावावर सकाळपासून ऊन आणि झिमझिम पाऊस आळीपाळीनं चालले होते. दुपारी बैठकेच्या, म्हणजे गावच्या समाजघराच्या, अंगणात आमचं मराठी नाटक होतं. पण त्या दिवसाचं सांगायचं, तर आधीचंही सांगावं लागतं. उसाच्या शेतातले दगड वेचून आम्ही रास घालतो ना, तसे हे किस्से. एक उचलला की खाली दुसरा! मी सांगतो, सून लिहून घेते.

*

भिवाजी सर पोर्ट लुईला सरकारी ऑफिसात. संध्याकाळी बसनं यायचे आणि आम्हा ऊस तोडणाऱ्यांचं नाटक बसवायचे. मला म्हणाले, "तू बापाचं काम कर."

"सर, मला वाचता येत नाही."

"मला येतं की! तुला ऐकू येतं ना?"

ते बोलायचे, मी कानांत साठवायचो. ऊस तोडताना दिवसभर तेच घोळवायचो. माझ्यासाठी एवढा वेळ आजवर कुणी बसलं नव्हतं.

*

पहिला प्रयोग तेर रूज गावी. मी ठसक्यात म्हणालो, "लेका, घर सोडून जाऊ नकोस! आवाज वाढव, मागं ऐकू येत नाही!"

शिकवताना सर जे जे म्हणाले, ते सगळंच पाठ झालेलं!

मुलाचं काम करणारा रामजी दचकला आणि पुढचं सगळं नाटक ओरडून बोलला. मी सरांपुढे मान खाली घालून उभा. सर म्हणाले, "बरं झालं. आज पहिल्यांदाच रामजी ऐकू आला!"

*

विमानतळाजवळच्या प्लेन मान्येन गावी शेवटच्या अंकात मी मरत होतो, तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. माझा शेवटचा डायलॉग कुणालाच ऐकू गेला नाही. मग मी उठलो, डायलॉग म्हटला आणि पुन्हा मेलो. लोक हसून लोळले!

परतताना लॉरीत सर एवढंच म्हणाले, "बाबा, लालमतीत एकदाच मर हं."

*

लालमती म्हणजे घरचं गाव. "न शिकलेला माणूस घेतलाय, सरांचं नाटक बुडणार," असं दुकानात उघड बोलत. इथंही लोक हसले असते, तर बैठकेत नाटकाला पुन्हा जागा मिळाली नसती. सरांची सारी मेहनत माझ्या मरणावर! सर विंगेत आले, पाठीवर हात ठेवला. "घाई करू नकोस. तुझी सावकाश चालच चांगली."

मेलो. सावकाश मेलो. कुणी हसलं नाही. पडदा पडला तरी टाळी नाही, नुसती नाकं ओढल्याचं ऐकू येत होतं.

संध्याकाळी दार वाजलं. शेजारची रुक्मिणमावशी उभी, डोळे अजून लाल, हातात झाकलेलं भाताचं भांडं. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी पोचवतात, तसं. मी हात पुढे केला, तर म्हणाली, "अयो! तू हो रे बाजूला! हे तुझ्या बायकोसाठी आहे. बिचारीनं दुपारपासून काही खाल्लं नसेल!"