फाटकाजवळचा माणूस

आमच्या ऑफिसातले नकाशेवाले काका भलते फटकळ. बायको लेकीला घेऊन माहेरी गेली ती गेलीच. लेक तेव्हा दुसरीत होती. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढायची सोय नव्हती.

यंदा लेकीच्याच शाळेच्या नव्या वर्गांचं काम आलं. नळ, कड्या, खिडक्या, सगळं काकांनी पोरांच्या हाताला येईल असं बसवलं. उंचीचा अंदाज यावा म्हणून नकाशात माणसं काढतात, तशी त्यांनी वर्गात मुलं काढली, बाई काढल्या आणि फाटकाजवळ एकटाच एक माणूस.

नकाशा बघायला आलेल्या मुख्याध्यापिका हसल्या. "हे गृहस्थ कोणाला न्यायला आलेत?"

"मापासाठी आहेत," काका गुरकावले.

त्या गेल्यावर मी विचारलं, "खोडू का त्याला?"

"राहू दे," काका म्हणाले. "शाळा सुटायची आहे अजून."