घरचीच टीम

मी व्यावसायिक बास्केटबॉल खेळाडू होते म्हटलं, की लोक आधी माझी उंची बघतात आणि मग विचारतात, "ते ठीक, पण नोकरी कुठे होती?" आमची बायकांची लीग देशातली पहिलीवहिली. दुसऱ्या सीझनपर्यंत मालकांचा उत्साह आटला आणि ती बसली. मी तर आधीपासूनच बाकावर बसले होते, कारण माझ्या जागी कोचची पुतणी खेळायची. चेंडू आणि नारळ यांतला फरक तिला साधारण कळत असे. भर सामन्यात ती कोचना "काका, काका" हाका मारायची आणि माझं टाळकं सणकायचं.

तेव्हाच मी शपथ घेतली, आपण कोच झालो तर घरच्यांना झुकतं माप नाही. अशा शपथा पोरं व्हायच्या आधीच घ्याव्यात, सोप्या जातात.

पुढे नवऱ्याच्या नोकरीमागे अमिरातीतल्या अल ऐनला आले, एका कॉलेजात मुलींची कोच झाले आणि काही वर्षांनी माझीच लेक त्याच टीममध्ये आली. पहिल्याच दिवशी बजावलं, "कोर्टवर आई नाही, कोच म्हणायचं."

"ओके, आई," ती हसून म्हणाली.

लांबून टाकलेला तिचा चेंडू सहसा चुकायचा नाही. म्हणून मी तिला सगळ्यांत जास्त पळवलं आणि सगळ्यांत कमी खेळवलं. मराठी मंडळातल्या बायका आरतीनंतर म्हणायच्या, "तुमचं बरंय हो, घरचीच टीम!" की पुढच्या मॅचला तिची आणखी पाच मिनिटं कापली जायची. मी न्यायाधीश झाले असते तर खटला उभा राहायच्या आत घरच्यांना फाशी दिली असती.

तिच्या शेवटच्या वर्षाची फायनल शारजाला होती. आमचं अर्धं मराठी मंडळ डबे घेऊन हजर. शेवटचे काही सेकंद उरलेले, आम्ही दोन पॉइंटनी मागे. मी टाइमआउट घेतला. लांबून एक चेंडू पडला की तीन पॉइंट, म्हणजे जिंकलोच असतो आणि तो कोणी टाकायचा, हे डबे घेऊन बसलेल्या काकूंनाही कळत होतं. लेक बाकावर बुटांच्या नाड्या आवळून माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "आता बघा, लेकीलाच उतरवणार."

मी दुसरीला उतरवलं. चेंडू रिंगला लागून बाहेर आला. खलास.

परतीच्या वाटेवर दीड तास ती खिडकीबाहेर वाळू बघत होती. शेवटी मीच म्हणाले, "तुला कळतंय ना, मी असं का केलं?"

"इट्स फाइन, कोच."

सकाळी जेवणाच्या टेबलावर तिची जर्सी होती, धुऊन, घडी घालून. टीम सोडणाऱ्या मुलीने जर्सी अशीच परत करायची, हा माझाच नियम. "चहा टाकू तुला?" मी विचारलं.

"नो थँक्स, कोच."

तेवढ्यात मंडळातल्या काकूंचा फोन आला. "हरलात, पण तुमचा निःपक्षपातीपणा मानला हो!" मी आभार मानले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला माझ्या जुन्या कोचचा हेवा वाटला. त्यांची पुतणी त्यांना शेवटपर्यंत काकाच म्हणत होती.