तांडेलाचे साक्षीदार

करी रोडच्या आमच्या चाळीत सुंदराबाई परबांची खानावळ होती, आणि तिथे जेवायचं म्हणजे निम्मं जेवण नि निम्मी बोलणी. नवरा गेल्यावर मालवणकडून आलेल्या या बाईने दोन खोल्यांत आम्हा गिरणीवाल्यांची पोटं सांभाळली, पण गोड शब्द कधी कुणाच्या ताटात वाढला नाही. भात टाकला तर "कशाक मागून घेतलंस?" आणि मागितला तर "गिरणीत काम करतंस की भातच खातंस?" तिची सगळी माया तांडेल नावाच्या कुत्र्यावर. मला कुत्री आवडत नाहीत, आणि तो नेमका माझ्याच पाटाला टेकून बसायचा.

एकेकाळी तो चाळीचा पहारेकरी होता. रातपाळीवरून येणाऱ्या प्रत्येकाची पावलं ओळखायचा, परका जिन्यात आला की चाळ डोक्यावर घ्यायचा. त्या वर्षी तो हळूहळू निजूनच राहू लागला. भुंकणं बंद. ऐन वैशाखात आम्ही घामाने निथळत असताना हा चुलीला चिकटून. अंगाने फुगला, दोन्ही कुशींवरचे केस विरळ झाले, आणि शेपटी तर उंदरासारखी उघडी पडली. घरमालकाचा मेहताजी भाडं घ्यायला आला तो नाकाला रुमाल लावूनच म्हणाला, "बाई, खरजुलं कुत्रं चाळीत नको. दसऱ्यापर्यंत बरं झालं नाही तर कुत्र्यांची गाडी बोलावतो." त्या गाडीतून परत आलेलं कुत्रं आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं.

मग उपायांना ऊत आला. आमच्यातल्या भिवाने गिरणीतून जळकं तेल आणलं, त्यात गंधक घालून तांडेलाला चोपडलं. आठवडाभर आमच्या आमटीला त्याचा वास. गुण काही नाही. आणि खरूज म्हणावी तर तांडेल एकदाही अंग खाजवायचा नाही. रोज शेजारी बसून एवढं माझ्याही लक्षात आलं होतं. पण ऐकतो कोण? चाळीचा निकाल लागलेला: खानावळीतलं कुत्रं, खाऊन माजलंय.

सुंदराबाईंचा संशय आमच्यावर. एका संध्याकाळी पानं वाढायच्या आधी आम्हाला रांगेत उभं केलं. "मेल्यांनू, खरा सांगा. कोण घालता ह्याका चोरून?" एकेकाला वेतोबाची आण घ्यायला लावली. आम्ही घेतली, आणि ती खरी होती. आमचंच पोट जेमतेम भरायचं, त्यात कुत्र्याला कुठून घालणार? तिचा विश्वास बसेना. तिने तांडेलाला डोळ्यांसमोर बांधून ठेवलं आणि स्वतःच्या हाताने मोजून मूठभर भात घालू लागली. उपाशी कुत्रं आणखी जाड झालं. तेव्हा मात्र ती घाबरली.

सुट्टीच्या दिवशी तिने मला, भिवाला आणि दत्तारामला परळच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. साक्षीदार म्हणून. तांडेल दर खांबापाशी बसकण मारायचा, आणि ते धूड आम्ही पाळीपाळीने उचलायचो. माझी एक सुट्टी अशी गेली.

डॉक्टरांनी कुत्र्याकडे पाहिलं, बाईंचा धंदा विचारला आणि म्हणाले, "खानावळ आहे ना? मग खाणं कमी करा."

"डॉक्टर, माझ्या जेवणान आजपर्यंत कोण जाडो झालो नाय," सुंदराबाई म्हणाल्या. "ह्या तिघांका बघा."

डॉक्टरांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. एवढा पुरावा पुरला असावा, कारण त्यांनी लेखणी खाली ठेवली. खाजवतो का, ऊब शोधतो का, भुंकणं कधी थांबलं, सगळं विचारलं. जाड, काळी पडलेली कातडी चिमटीत धरून पाहिली, छातीला नळी लावली. ठोके फार संथ होते.

"गळ्यात थायरॉइड नावाची एक ग्रंथी असते," ते म्हणाले. "ती मंदावली की अख्ख्या शरीराचा कारभार मंदावतो. थोडं खाल्लं तरी अंगावर चढतं. कुत्र्याचं रक्त तपासून हे ठरवायची सोय इथे नाही. औषध देऊन बघू, गुण आला तर निदान बरोबर." मेंढीच्या गळ्यातली तीच ग्रंथी सुकवून गोळ्या करतात, असं त्यांनी सांगितलं.

"मग मटणवाल्याकडून गळोच आणतंय."

"कुठल्या गळ्यात किती असेल ते कळत नाही, बाई. कमी पडलं तर उपयोग नाही. जास्त झालं तर काळीज धडधडेल, धापा टाकेल, सारखं पाणी पीत सुटेल. रोज सकाळी ही एकच गोळी. आणि जन्मभर. बंद केलंत की पुन्हा हेच."

थोड्या आठवड्यांत तांडेल चुलीपासून उठला. केसांना वेळ लागला, पण श्रावण सरता सरता शेपटीवर लव दिसू लागली आणि मेहताजीने गाडीचा विषय काढला नाही.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. सुंदराबाई बायकांच्या तुकडीबरोबर सत्याग्रहाला गेल्या आणि पकडल्या गेल्या. पोलिसांच्या गाडीतून बाकीच्या बायका घोषणा देत होत्या, ही जाळीला तोंड लावून आमच्यावर ओरडत होती, "तांडेलाचा औषध इसरू नकात." कुणी द्यायचं ते काही सांगितलं नाही. कालिंदीबाई शेजारणीने आमचा भात शिजवला, आणि त्या पंधरवड्यात सुंदराबाईंच्या बोलण्यांची मला आठवण यावी, याचाही मला राग आला.

सुटून आल्या तेव्हा तांडेल जिना उतरून, भुंकत, थेट नाक्यापर्यंत धावत गेला. तिने त्याला कवटाळलं, आणि लगेच तिचा हात त्याच्या छातीवर थांबला. काळीज धडधडत होतं. घरी येताच त्याने बादलीत तोंड घातलं ते काढेना. तिने गोळ्यांची बाटली पाहिली. दीड महिना पुरायची ती रिकामी होती.

पुन्हा आम्हाला रांगेत उभं केलं. मी म्हणालो, पहिल्या पाळीला जाताना मी द्यायचो, बाकीचे विसरतील म्हणून. दत्ताराम म्हणाला, दुसऱ्या पाळीआधी मी. भिवा रातपाळीवरून आल्यावर द्यायचा. तिघांनीही एकमेकांपासून लपवून.

"मेल्यांनू, मारलो असतात त्याका," ती म्हणाली, आणि खाली बसून पदराने डोळे पुसू लागली. मग उठून, तांडेलाला उचलून आमच्या मदतीशिवाय परळला निघाली. काही दिवस औषध बंद ठेवा, मग पुन्हा रोज एकच, असं सांगून डॉक्टरांनी परत पाठवलं.

रात्री पंगत बसली. तांडेल माझ्या पाटाला टेकला. सुंदराबाई वाढत आल्या, माझ्यासमोर थांबल्या, आणि मी न मागता आणखी एक डाव भात माझ्या ताटात घातला.