गयाबाईची खीर कोणी अडवली?

भागीरथाबाईंना खून आवडायचे. हे वाक्य आदिलाबादजवळच्या बेल्यात कोणी मोठ्यानं म्हटलं असतं तर ऐकणाऱ्यानं त्यालाच वेड्यात काढलं असतं. मराठी शाळेतल्या या बाई वर्गात मुंग्यांची रांग दिसली तर पोरांना ओलांडून जायला लावायच्या. छडी त्यांच्या टेबलावर होती, पण ती फक्त नकाशावर नद्या दाखवायला.

पुस्तकातला खून मात्र वेगळा. आणि तोही कसा, तर सभ्य. रक्त नाही, आरडाओरडा नाही. थंड हवेच्या ठिकाणी एक बंगला, जेवणाच्या टेबलावर कोणालाच न आवडणारे एक काका, काकांच्या सरबतात काहीतरी मिसळलेलं, आणि मग लोणच्याच्या बरण्या भरता भरता सगळ्यांची उलटतपासणी घेणारी एखादी निवृत्त पोस्टमास्तरीण. काका गेल्याचं दुःख पुस्तकात कोणालाच नसतं. बाईंनाही नसायचं, आणि तिथंच त्यांना टोचायचं. विहारात हात जोडून पंचशीलातलं जीवहत्या न करण्याचं शील घ्यायचं, आणि घरी येऊन भाजी चिरता चिरता काकांना कोणी मारलं ते शोधायचं!

पुस्तक सरकारी वाटावं म्हणून बाई त्याला तेलुगू वर्तमानपत्राचं कव्हर घालत. शेजारणीनं विचारलं की सांगत, "ट्रेनिंगचं हाय." म्हणजे खोटं न बोलण्याचं शीलही गेलं.

"पाचातले दोन एकाच पुस्तकात मोडले," त्यांचे यजमान चंपतराव हसत म्हणायचे. "दारूचं तेवढं राह्यलं, भागीरथा. तेबी एखाद्या सरबतात भेटन."

चंपतराव आदिलाबादला तहसील कचेरीत कारकून. रोज बसनं जाऊन-येऊन. बसस्टँडजवळच्या दुकानातून भाड्यानं पुस्तक आणायचं काम त्यांचं. तिथला नियम कडक होता. आठवड्याच्या आत पुस्तक परत, नाहीतर पुढचं मिळणार नाही.

त्र्याऐंशी साली बाईंची बदली बेल्याला झाली आणि लगेच वर्षावास लागला. पावसाळ्याचे तीन महिने विहारात रोज दिवेलागणीला बुद्धचरित्राचा ग्रंथ वाचायचा, ही तिथली रीत. इतकी वर्षं अमृतराव वाचत होते, पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला. विहाराचे सेक्रेटरी बाबाराव बाईंच्या घरी आले.

"बाई, आता तुमीच वाचा. आमच्यात वाचनारे लय हायत, पन एक ओळ झाली का खोकतेत."

बाई वाचू लागल्या. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. दिवसभर कापसाचं निंदण करून आलेल्या बायका भिंतीला टेकून ऐकायच्या. काही जणी ऐकता ऐकता पेंगायच्या. पुढं मात्र एकच म्हातारी ताठ बसायची, गयाबाई. तिला अक्षर येत नव्हतं, पण बाई वाचत असल्या की तिचे ओठ हलायचे.

आणि मग तो बुधवार आला. पुस्तक गुरुवारी परत द्यायचं होतं. काका मरून सहा दिवस झाले होते, पोस्टमास्तरणीनं सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं होतं, आणि नेमकी तेव्हाच विहारात जायची वेळ झाली. बाई वाचत होत्या ग्रंथ, मन होतं दिवाणखान्यात. हवा दमट. ग्रंथाची पानं एकमेकांना चिकटलेली. एक पान उलटायचं तिथं तीन उलटली. बाईंना पुढच्याच ओळीला कळलं. बोट क्षणभर थांबलं. मागं जावं? कोणाच्या ध्यानात येणार आहे? अर्ध्या जणी तर झोपल्यात. आणि बाई पुढंच वाचत गेल्या. पानं चिकटली ती पावसामुळं. मागं न जाणं मात्र बाईंचं स्वतःचं होतं.

निघताना दाराशी गयाबाई उभी दिसली. पदराखाली झाकलेली पितळी डेगची. वेलदोड्याचा वास आला. बाईंनी विचारलं नाही, त्यांना घाई होती. घरी जाऊन पंधरा मिनिटांत खुनी सापडला. पुतण्या निघाला.

दुसऱ्या दिवशी गयाबाई आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. विहाराच्या पायरीवर बायकांत कुजबुज चालली होती, "म्हातारीचा हात आखडला यंदा." बाईंच्या कानावर ते पडलं आणि त्यांच्यातली पोस्टमास्तरीण जागी झाली. भरलेली डेगची घेऊन आलेली बाई ती तशीच घेऊन परत का जाते? नक्की कोणीतरी तिला बोललं असणार. बाईंचा पहिला संशय बाबारावांवर गेला, कारण माणूस फटकळ होता. त्यांनी बाबारावांना गाठलं.

"बाबाराव, बुधवारी गयाबाईले तुमी काई बोलले का?"

"म्या? म्या काऊन बोलू?"

"मंग ते डेगची परत काऊन घेऊन गेली?"

"डेगची? आनली होती का तिनं?" बाबाराव चकित झाले. "तुमी नव्या हा, बाई, तुमाले ठाऊक नसन. सुजातेनं बुद्धाले खीर देल्ली, हे वाचून झालं का गयाबाई उठते अन् समद्यायले पळसाच्या द्रोनात खीर वाढते. सतरा वर्षं झाले. निंदनाच्या मजुरीतून करते, कोनाचा हात लागू देत नाई. यंदा नाई केली, म्हनून बाया बोलून राह्यल्या. सुजातेचं तर होऊन गेलं ना? तुमीच वाचलं."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आजवर वाचलेल्या सगळ्या पुस्तकांत शेवटी एकच जण उरतो आणि तोच खुनी असतो. इथंही एकच उरलं होतं.

त्या तडक गयाबाईच्या घरी गेल्या. म्हातारी तांदूळ निवडत बसली होती.

"या, बाई. बसा." आणि न विचारताच ती सांगू लागली, "मलेच झोप लागली पाहा. निंदून निंदून पाठ गेली होती. डोळा लागला असन, अन् सुजाता निंगून गेली. म्या वाट पाहून राह्यली, आता येईन, मंग येईन... अन् तुमी ग्रंथ मिटला. आता झोपली म्हनून कोन्या तोंडानं सांगू? त्यापरीस हात आखडला म्हनू द्या."

"अन् खीर?"

"नासली."

न केलेला गुन्हा अंगावर घेणारं एखादं निरपराध माणूस गोष्टीत आलं की बाईंना फार बरं वाटायचं, कारण शेवट जवळ आल्याची ती खूण असायची. आज मात्र बरं वाटलं नाही. सांगायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं, "निंदन झालं का समदं?"

घरी येऊन त्या चंपतरावांपुढं रडल्या. "सांगतलं तर काय म्हनतीन? नवी मास्तरीन, विहारात बसून खुनाचा इचार करते. शाळेत तोंड दाखवता येईन का?"

चंपतरावांनी या वेळी विनोद केला नाही. "खरं काय ते तुले ठाऊक हाय, भागीरथा. ते म्हातारी सोताले चोर समजून राह्यली."

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः जाऊन गयाबाईला हाताला धरून विहारात घेऊन आल्या. वंदना झाली. ग्रंथ उघडण्याआधी त्या उभ्या राहिल्या.

"बुधवारी म्या दोन पानं वाचलीच नाई. चिकटली होती. मले कळलं, तरी मागं गेली नाई. घरी एक पुस्तक अर्धं राह्यलं होतं."

"कोनतं पुस्तक?" बाबारावांनी विचारलं.

"खुनाचं."

बाबारावांनी काहीतरी कडक बोलायला छाती भरून श्वास घेतला. पण गयाबाई मधेच बोलली.

"थांब रे, बाबाराव. म्हंजे बाई, म्या झोपली नव्हती?"

"नव्हत्या."

"जागीच होती?"

"तुमीच एक जाग्या होत्या, गयाबाई."

म्हातारी गर्रकन बायकांकडं वळली. "आयकलं का? जागी होती म्या! पायरीवर बसून बोलनाऱ्याहो, आयकलं का?"

बायकांनी माना खाली घातल्या. बाईंनी ती दोन पानं त्याच दिवशी वाचली. इतकं हळू त्यांनी आयुष्यात काही वाचलं नव्हतं. खीर दुसऱ्या दिवशी आली. पहिला द्रोण गयाबाईनं त्यांनाच दिला, आणि त्यांना तो दोन घोटांपुढं गिळवेना.

"काऊन, गोड नाई झाली?"

"लय गोड झाली," बाई म्हणाल्या, आणि डोळे पुसत द्रोण संपवला.

बाबारावांनी शिक्षा दिलीच. पान उलटलं की त्याचा आकडा मोठ्यानं सांगायचा. तेव्हापासून बाई म्हणत, "पान सत्त्याण्णव," आणि पुढं बसलेली गयाबाई म्हणे, "हं." तो हुंकार आल्याशिवाय बाई पुढं जात नसत.

पुस्तकं सुटली का? नाही. चंपतराव दर आठवड्याला आणतच राहिले. फक्त कव्हर आता मराठी वर्तमानपत्राचं असतं आणि शेजारणीनं विचारलं तर बाई खरं सांगतात. सांगून झालं की अजूनही मान खाली जाते, आणि पुस्तक तांदळाच्या डब्यामागं.