वहिनीच्या पायाखालचा ब्रेक

माझ्या दादाला गॅरेजच्या गल्लीत सगळे ‘दणका’ म्हणतात. बॉनेट लावायचं तर दणका, दार लावायचं तर दणका, आणि ब्रेक तपासायचा तर पेडलवर असा पाय मारायचा की गाडीने आई गं म्हणावं. काम चोख, पण बोलण्याच्या बाबतीत उचलली जीभ लावली टाळ्याला.

वहिनी शाळेची व्हॅन चालवते. शाळा उताराच्या तळाशी, आणि फाटकापुढे लगेच ट्रकांचा मोठा रस्ता. त्या आठवड्यात ती रोज सांगत होती, “सिग्नलला पाय ठेवून थांबले की पेडल हळूहळू खाली जातं.” दादाने चाकं उघडून पाहिली, कुठे गळती नाही. ब्रेक ऑइल होतं तेवढंच. पाइपातली हवा काढली, पेडलवर दणके घातले, पेडल दगडासारखं घट्ट.

“गाडीला काही झालेलं नाही. तुझ्या पायातच जोर नाही,” म्हणाला आणि हसला. मला हसू आलं नाही. हेच एखाद्या गिऱ्हाइकाने सांगितलं असतं तर याने अख्खी गाडी खोलली असती!

त्या सकाळी व्हॅन दारात उभी, इंजिन चालू, शेजारची पोरं मागे चढलेली. वहिनी स्टिअरिंग धरून बसली होती, निघत नव्हती. तिचा चेहरा पाहिला आणि मी दादाला ओढत बाहेर आणलं.

“पाय नको. हाताने दाब. हलकेच, आणि सोडू नकोस.”

“आता तू मला शिकवणार?”

“हो, शिकवणार. बस खाली.”

वहिनी उतरली. कुरकुरत तो गुडघ्यांवर बसला आणि पेडलवर तळहात टेकवला. पेडल थांबलं. “बघ, काही...” म्हणेपर्यंत ते हलायला लागलं. आवाज नाही, झटका नाही. हात नुसता खाली खाली गेला आणि पेडल तळाला टेकलं.

दादा पांढराफटक पडला. “पेडलमागचा मास्टर सिलिंडर,” तो पुटपुटला. “आतली रबरं झिजलीत. जोरात मारलं की फुगून धरतात, हलक्या पायाला ऑइल आतल्या आत मागे सोडतात. बाहेर थेंब कसा दिसणार?”

त्याने किल्ली काढली, पोरांना उतरवून घेतलं. मग वहिनीकडे वळला. “उतारावर काय करत होतीस?”

“पहिला गिअर, आणि हात हँडब्रेकवर. तू म्हणालास ना, गाडी ठीक आहे.” ती रडली नाही. रडू मलाच आलं.

दुपारी नवा सिलिंडर बसला. सवयीने दादाने पाय उचलला आणि तसाच मागे घेतला. “तूच बघ,” वहिनीला म्हणाला. तिने इंजिन चालू करून पाय ठेवला. बराच वेळ तसाच दाबून धरला. पेडल होतं तिथेच राहिलं.

“आता मागे बस,” वहिनी म्हणाली.

“मी?”

“पोरं बसतात तिथे. शाळेपर्यंत जाऊन येऊ.”

दादा वाकून मागे शिरला, छोट्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन बसला. मीही चढले. व्हॅन उताराला लागली तशी त्याने पुढची सीट दोन्ही हातांनी घट्ट धरली, आणि फाटकाशी गाडी थांबली तरी सोडली नाही.